संगणकाची दृष्टी : वेगाचे कौतुक आणि ओळखीची परीक्षा

चित्रातील वस्तू ओळखणारा संगणक आता मोठ्या प्रयोगशाळांपुरता राहिलेला नाही. शाळेच्या संगणक-कक्षात असतो तसा साधा संगणक, एक स्वस्त कॅमेरा आणि फुकट मिळणारी आज्ञावली एवढ्या सामग्रीवर हा प्रयोग वर्गात करता येतो. हे दोन गोष्टींमुळे शक्य झाले. पहिली म्हणजे दुसऱ्या कोणी आधीच शिकवून तयार ठेवलेली प्रारूपे, म्हणजेच पूर्वप्रशिक्षित मॉडेल्स. दुसरी म्हणजे ती मॉडेल्स साध्या यंत्रावर वेगाने चालवणारी आज्ञावली. या आज्ञावलीला इन्फरन्स इंजिन म्हणतात. मराठीत आपण तिला अनुमान-इंजिन म्हणू. मायक्रोसॉफ्टचे ऑनिक्स रनटाइम, एनव्हिडियाचे टेन्सरआरटी आणि इंटेलने २०१८ मध्ये खुले केलेले ओपनव्हिनो ही अशा इंजिनांची नेहमीची उदाहरणे.

यांपैकी ओपनव्हिनोचे परीक्षण आम्ही येथे करणार आहोत, कारण साध्या प्रोसेसरवर काम भागवणे हाच त्याचा मुख्य दावा आहे आणि आपल्या शाळांची गरजही तीच आहे. शाळेसाठी सूक्ष्मदर्शक घेताना आपण भिंगाची शक्ती विचारतो, पण त्यातून कांद्याची पेशी स्पष्ट दिसते का हेही पाहतो. तीच रीत येथे लावू. आमचे मत आधीच सांगतो. इंजिन म्हणून हे साधन उत्तम आहे. परंतु वेग हे त्याचे सर्वांत ठळक यश असल्यामुळे, संगणक ओळखतो ते बरोबर की चूक, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न मागे पडतो. तो पुढे आणण्याचे काम शिक्षकाचे आहे.

इंजिन नेमके काय करते?

रेसनेट-५० हे २०१५ चे एक प्रसिद्ध मॉडेल घेऊ. त्यात सुमारे २ कोटी ५६ लाख संख्या साठवलेल्या असतात. त्यांना भार म्हणतात. मॉडेल जे काही 'शिकले' ते या संख्यांत असते. २२४ × २२४ बिंदूंचे एक रंगीत चित्र आत गेले की सुमारे ४०० कोटी गुणाकार-बेरजा होतात आणि शेवटी उत्तर येते. प्रशिक्षण संपलेले असते. भार आता बदलत नाहीत. या स्थिरतेचाच फायदा इंजिन घेते.

पहिली युक्ती आठवीच्या बीजगणितातली आहे. समजा एका पायरीत २क + १ काढायचे आणि पुढच्या पायरीत त्या उत्तराला ३ ने गुणून ४ मिळवायचे. दोन पायऱ्या कशाला? ३(२क + १) + ४ म्हणजे ६क + ७. एकाच पायरीत तेच उत्तर मिळते. मॉडेलमध्ये अशा जोड्या डझनावारी असतात आणि इंजिन त्या आधीच एकत्र करून ठेवते. येथे उत्तर बदलत नाही. वाचते ते काम, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्मृतीतून संख्या पुन्हा पुन्हा आणण्याची ये-जा.

दुसरी युक्ती मात्र वेगळ्या जातीची आहे. मूळ भार ३२ बिटांत, म्हणजे पुष्कळ दशांश स्थळांपर्यंत साठवलेले असतात. ते ८ बिटांच्या पूर्णांकांत बसवले तर जागा चौपटीने कमी होते. रेसनेट-५० सुमारे १०२ मेगाबाइटवरून २६ मेगाबाइटवर येते. हे कसे होते? समजा सारे भार −१ ते +१ यांमध्ये आहेत. त्यांना १२७ ने गुणून जवळचा पूर्णांक घ्यायचा. ०.४२ ला १२७ ने गुणले की ५३.३४ येतात, आपण ५३ लिहितो. परत भागले की ०.४१७ मिळतात. फरक अगदी थोडा, पण तो प्रत्येक संख्येत आहे. म्हणजे पहिल्या युक्तीत उत्तर कायम राहते आणि दुसरीत ते बदलू शकते. हा भेद विद्यार्थ्यांना जरूर सांगावा.

दुसऱ्या युक्तीत आणखी एक मेख आहे. मॉडेलमधून चित्र जात असताना मधल्या थरांत ज्या संख्या तयार होतात, त्या किती लहान-मोठ्या असतील हे आधी कळावे लागते. त्यासाठी इंजिनासोबतचे साधन काही नमुना-चित्रे चालवून पाहते. आपण काही सांगितले नाही तर साधारण ३०० चित्रे घेते. त्या चित्रांवरून मोजपट्टी ठरते. ही चित्रे कोठली असावीत? साधन ते विचारत नाही. परदेशी रस्त्यांची चित्रे दिली तर मोजपट्टी त्या रस्त्यांची तयार होईल.

लालबागच्या मिरची गल्लीत उन्हाळ्यात वर्षभराचा मसाला कुटून घेण्यासाठी गर्दी होते. कांडपयंत्र कितीही वेगवान असले तरी मसाल्याची चव मिरची, धणे आणि घरच्या प्रमाणावर ठरते. यंत्र खराब असेल तर ते चव बिघडवते, चांगले असेल तर टिकवते. नवी चव ते आणू शकत नाही. अनुमान-इंजिनाचे नेमके तसेच आहे.

वेगाचे आकडे कसे वाचावेत?

'सेकंदाला इतकी चित्रे' असा आकडा समोर आला की आपण थक्क होतो. पण वेग दोन प्रकारचे असतात. दादरहून चर्चगेटला टॅक्सीने गेलो तर एक-दोघे लगेच निघतात. लोकलसाठी थोडे थांबावे लागते, पण एका फेरीत हजारो माणसे पोहोचतात. एका चित्राचे उत्तर किती वेळात आले हा टॅक्सीचा वेग. एका सेकंदात एकूण किती चित्रे निकालात निघाली हा लोकलचा. ओपनव्हिनोत यांपैकी काय हवे ते आपल्याला सांगता येते, आणि त्यासोबत येणारे मापन-साधन दोन्ही आकडे वेगवेगळे देते. ही त्याची प्रामाणिक बाजू आहे. वर्गात कॅमेऱ्यासमोर वस्तू धरून उत्तर पाहायचे असेल तर पहिला आकडा कामाचा. साठवलेली पाच हजार छायाचित्रे रात्रभरात तपासायची असतील तर दुसरा.

मॉडेल पहिल्यांदा उघडताना इंजिन ते त्या यंत्राच्या प्रोसेसरसाठी जुळवून घेते. त्याला वेळ लागतो. तो मोजमापात धरू नये. शिवाय ८ बिटांच्या हिशेबाचा पुरा लाभ ज्या प्रोसेसरमध्ये त्यासाठी खास सोय आहे त्यांनाच होतो. जुन्या संगणकावर तो कमी दिसला तर चूक आपली नाही.

हजार नावांची यादी

आता ज्या मॉडेलसाठी ही सारी धावपळ, त्याला काय येते ते पाहू. रेसनेट-५० आणि त्यासारखी अनेक मॉडेल्स 'इमेजनेट' या चित्रसंग्रहाच्या स्पर्धेसाठी शिकवली गेली. त्यासाठी सुमारे १२ लाख ८० हजार चित्रे आणि एक हजार नावे होती. ही हजार नावांची यादी आम्ही शेवटपर्यंत वाचली. प्रत्येक शिक्षकाने ती एकदा वाचावी अशी आमची शिफारस आहे. यंत्राच्या 'ज्ञाना'विषयीचा बराच भ्रम त्याने दूर होईल.

यादीत कुत्र्यांच्या शंभराहून अधिक जाती आहेत. पक्ष्यांमध्ये भारद्वाज आहे, वेडा राघू आहे, बुलबुल आहे, धनेश आहे आणि रोहित, म्हणजे फ्लेमिंगोही आहे. तेव्हा शिवडीच्या खाडीत त्याला ओळखीचे कोणी भेटेल. पण कावळा नाही, कबूतर नाही आणि चिमणीही नाही. गिरगावातल्या चाळीच्या कठड्यावर जो पक्षी मूल सर्वांत आधी ओळखायला शिकते, त्याचे नाव या यंत्राला ठाऊकच नाही. फळांमध्ये फणस, सीताफळ आणि डाळिंब आहे, आंबा नाही. फुले अवघी दोन-तीन. त्यांत डेझी आहे, झेंडू नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादरच्या फूलबाजारात हे मॉडेल नेले तर त्याला काय दिसेल याची कल्पना करावी.

'कोको' या २०१४ च्या दुसऱ्या संग्रहात ८० वस्तू आहेत आणि चित्रात वस्तू कोठे आहे हे दाखवणारी बहुतेक लोकप्रिय मॉडेल्स त्यावर शिकलेली असतात. त्यात माणूस, मोटार, बस, सायकल आहे. हातगाडी नाही, रिक्षाही नाही. खेळाच्या सामानात बेसबॉलची बॅट आणि बेसबॉलचा हातमोजा आहे; क्रिकेटची बॅट नाही. शिवाजी पार्कवरच्या फलंदाजाच्या हातात या यंत्राला, फार तर, बेसबॉलची बॅट दिसेल.

यात कोणाचा कट नाही. नावे ज्यांनी निवडली त्यांच्या भोवतालची ती नावे आहेत, आणि चित्रे इंटरनेटवर ज्यांनी टाकली त्यांच्या भोवतालची ती चित्रे आहेत. अडचण पुढे आहे. झेंडू दाखवल्यावर मॉडेल 'मला माहीत नाही' असे म्हणत नाही. हजार नावांना मिळून एकच गुण वाटून द्यायचा आणि ज्याला सर्वांत मोठा वाटा त्याचे नाव सांगायचे, अशी त्याची रचना आहे. बहुपर्यायी प्रश्नाचे चारही पर्याय चुकीचे असले तरी विद्यार्थ्याला एकावर खूण करावीच लागते, तसे. पडद्यावर दिसणारे '८० टक्के' हे त्या वाटपातले प्रमाण असते. उत्तर खरे असण्याची हमी नसते. इंजिनाने हे चुकीचे उत्तर दसपट लवकर आणले तरी ते चुकीचेच राहते.

असे संग्रह आपल्याकडे तयार होऊ शकत नाहीत असे नाही. हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेने इंटेलच्याच सहकार्याने भारतीय रस्त्यांचा एक संग्रह २०१८ मध्ये खुला केला. हैदराबाद आणि बंगळुरूच्या रस्त्यांवरची १०,००४ चित्रे त्यात आहेत. त्यात रिक्षाला स्वतःचा वर्ग आहे, आणि कोणत्याच नावात न बसणाऱ्या वाहनांसाठीही एक वर्ग राखून ठेवला आहे. ही दुसरी गोष्ट आम्हाला अधिक मोलाची वाटते.

कापसाच्या शेतातला धडा

मुंबईतल्या वाधवानी कृत्रिम बुद्धिमत्ता संस्थेचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. २०१८ साली स्थापन झालेल्या या संस्थेने कापसावरील बोंडअळीसाठी मोबाइलवर चालणारी यंत्रणा तयार केली. शेतात कामगंध सापळे लावतात, त्यांत नर पतंग अडकतात. शेतकऱ्याने त्यांचे छायाचित्र काढायचे, मॉडेलने गुलाबी आणि अमेरिकन बोंडअळीचे पतंग मोजायचे आणि त्यावरून फवारणीचा सल्ला द्यायचा, अशी ही रचना आहे. कापसाच्या गावात इंटरनेट भरवशाचे नसते, म्हणून मॉडेल लहान करून फोनवरच चालवावे लागले. म्हणजे आपण वर पाहिलेल्या आकुंचनाच्या युक्त्या येथे हौसेखातर आलेल्या नाहीत. त्यांवाचून काम झालेच नसते.

पण त्या यंत्रणेची खरी शहाणीव दुसरीकडे आहे, असे आमचे मत आहे. मॉडेलला आपल्याच शेतांतल्या पतंगांची छायाचित्रे दाखवून शिकवले गेले. आणि आलेले छायाचित्र मुळात सापळ्यातल्या पतंगांचे आहे का हे ठरवून, नसेल तर ते नाकारण्याची सोय केली गेली. गुलाबी बोंडअळीसाठी एका सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग ही धोक्याची पातळी मानतात. सातऐवजी आठ मोजले तर विनाकारण फवारणी, आठऐवजी सात मोजले तर उशीर. चुकीची किंमत शेतकरी देतो. अशा ठिकाणी ८ बिटांत आकुंचन केल्यावर मोजणीत किती फरक पडला, हे पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

वैद्यकाने घालून दिलेली शिस्त

परळ-शिवडीचा भाग रुग्णालयांचा. के. ई. एम., टाटा स्मारक आणि शिवडीचे क्षयरोग रुग्णालय तेथे जवळजवळ आहेत. छातीचे क्ष-किरण चित्र वाचून क्षयाची शंका वर्तवणारी मॉडेल्स आता जगभर वापरली जातात. २०१६ साली मुंबईत सुरू झालेल्या 'क्युअर' या कंपनीचे मॉडेलही त्यांत आहे. दुर्गम भागातल्या शिबिरांत ती लहान संगणकावरच चालवायची तर इंजिनाचा वेग उपकारकच ठरतो.

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये या वापराला मान्यता दिली, ती तीन मर्यादा घालून. १५ वर्षे आणि त्यावरील वयाच्या व्यक्तींसाठीच ही पद्धत वापरावी. म्हणजे आपल्या वर्गातल्या बहुसंख्य मुलांसाठी ती नाही. तिचा उपयोग चाळणीसाठी. निदानासाठी पुढे थुंकीची तपासणी हवीच. आणि मॉडेलने दिलेला गुण किती झाला की रुग्णाला पुढे पाठवायचे, ही रेषा त्या त्या भागातल्या लोकांवर चाचणी घेऊन ठरवावी. अशी स्थानिक चाचणी कशी घ्यावी याची पुस्तिकाही संघटनेने त्याच वर्षी काढली. जेथे माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे तेथे 'ते मॉडेल इतरत्र चांगले चालले' एवढे पुरत नाही. ही शिस्त शाळेच्या प्रयोगातही पाळायला हरकत नसावी.

साधनाचे गुणदोष

ओपनव्हिनोच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. ते फुकट आहे, त्याचा परवाना खुला आहे. वेगळे महागडे ग्राफिक्स कार्ड घ्यावे लागत नाही. एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालते, त्यामुळे छायाचित्रे शाळेबाहेर जात नाहीत. आकुंचनामुळे अचूकता ठरवलेल्या मर्यादेपेक्षा अधिक घटली तर काही थर पुन्हा मूळ अचूकतेवर नेण्याची सोयही आहे. मात्र त्यासाठी तपासणीची चित्रे आपणच पुरवायची असतात.

दोषही आहेत. २०२२ मध्ये त्याच्या आज्ञांची रचना बदलली आणि जुनी रचना २०२४ मध्ये काढून टाकली. त्यामुळे २०१९-२० मधले धडे पाहून कोणी प्रयोग करू लागले तर पहिल्याच ओळीला अडखळेल. मार्गदर्शिका इंग्रजीत आहेत. पण आमची मुख्य तक्रार त्यातल्या नमुना-प्रयोगांबद्दल आहे. बहुतेक प्रयोगांत एक छान चित्र दिलेले असते आणि यंत्र ते बरोबर ओळखते. शिकणाऱ्याला असा समज होतो की उत्तर बरोबर येणे गृहीतच आहे, उरला प्रश्न वेगाचा. विज्ञानशिक्षणाच्या दृष्टीने हा चुकीचा क्रम आहे. आधी मोजायचे ते चुका, मग सेकंद.

वर्गात करून पाहा

आठवी-नववीच्या मुलांना घेऊन शाळेच्या आसपासची १०० छायाचित्रे काढा : कावळा, कबूतर, झेंडू, आंबा, हातगाडी, बस, सायकल, छत्री, केळी, कुत्रा. माणसांचे, विशेषतः मुलांचे चेहरे घेऊ नका. अठरा वर्षांखालील मुलांच्या वैयक्तिक माहितीसाठी २०२३ च्या कायद्याने पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे, आणि या प्रयोगाला चेहऱ्यांची गरजही नाही.

वहीत चार रकाने आखा : खरी वस्तू, मूळ मॉडेलचे उत्तर, ८ बिटांत आकुंचन केल्यावरचे उत्तर, आणि लागलेला वेळ. यादीत ज्यांचे नावच नाही अशा वस्तूंवर आधीच खूण करून ठेवा. समजा मूळ मॉडेलची ५८ उत्तरे बरोबर आली आणि आकुंचनानंतर ५७. 'एकाचाच फरक' म्हणून थांबू नका. तपशिलात पाहिले तर चार बरोबर उत्तरे चुकली असतील आणि तीन चुकलेली सुधारली असतील. बेरजेत हा बदल लपतो.

मग चुकांचे दोन गट करा. आकुंचनाने बदललेली उत्तरे पहिल्या गटात. त्यांची जबाबदारी इंजिन आणि त्याची मोजपट्टी यांवर. दोन्ही वेळा चुकलेली उत्तरे दुसऱ्या गटात. ती मॉडेलच्या शिक्षणातली उणीव. कोणत्या गटात अधिक चुका आल्या यावर पुढे काय करायचे ते ठरेल. पहिला गट मोठा असेल तर मोजपट्टीसाठी आपल्या परिसरातली चित्रे देऊन पाहा. दुसरा मोठा असेल तर इंजिनाशी कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. मॉडेललाच नवे शिकवावे लागेल.

तेही वाटते तितके अवघड नाही. मॉडेलचे खालचे थर कडा, रेषा आणि पोत ओळखायला शिकलेले असतात आणि ते ज्ञान सगळीकडे चालते. रेसनेट-५० मध्ये फक्त शेवटचा थर काढून त्याजागी आपली दहा नावे बसवली तर नव्याने शिकवायच्या संख्या २०,४९० एवढ्याच उरतात. प्रत्येक नावाची काही डझन चांगली छायाचित्रे आणि साधा संगणक यावर सुरुवात करता येते. त्या दहांत 'यांपैकी काहीही नाही' असा एक वर्ग आवर्जून ठेवा. एवढे झाल्यावर इंजिनाच्या वेगाचा खरा उपयोग होईल.

कोणत्या शाळेने हा प्रयोग केला तर चुकांची वही सांभाळून ठेवावी. कोणती वस्तू किती वेळा चुकली आणि यंत्राने तिला काय म्हटले, हे आम्हाला जरूर कळवावे. वेगाचे आकडे त्यानंतर पाहू.